डीपीवरच्या दहा मोटरी आणि कॉलेजातलं प्रॉडक्ट डिझाइन

मोटरीच्या पेटीतला ऑटो स्विच वावर असलेल्या बहुतेकांना माहीत आहे. शेतीच्या थ्री-फेज विजेची पाळी कधी दिवसाची कधी रात्रीची, आणि रात्री दीडला लाईन आली म्हणून थंडीत उठून विहिरीवर कोण जाणार, वाटेत साप आहे, रानडुक्कर आहे, चंद्रपूर-गडचिरोलीकडं असाल तर वाघ आहे. मग लोकांनी एक छोटा डबा बसवून घेतला, लाईन आली की तोच मोटर उठवतो आणि ओलीत सुरू, शेतकरी घरी झोपलेला. एका शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर यात खोट काढायला जागाच नाही.

आता एकाच डीपीवर, म्हणजे वावरातल्या ट्रान्सफॉर्मरवर, अशा दहा पेट्या धरा. ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर साधारण ८४ अँपिअर देऊ शकतो. पाच एचपीची मोटर चालू असताना साडेसात-आठ अँपिअर खाते, म्हणजे दहा मोटरी ऐंशीच्या आसपास, कसंबसं निभतं. पण मोटर थांबलेली असताना उठते न, तेव्हा ती चालू करंटच्या पाच ते सात पट करंट ओढते, काही सेकंदच, पण ओढते. माणसं हातानं बटण दाबायची तेव्हा एक आत्ता येणार, दुसरा चहा पिऊन येणार, तिसरा बाजाराला गेलेला, त्यामुळं हे धक्के आपोआप पांगायचे. ऑटो स्विच मात्र सगळे एकाच क्षणी जागे होतात आणि ८४ अँपिअरच्या डीपीवर चारशेच्या वर अँपिअरची मागणी एकदम येऊन पडते. व्होल्टेज बसतं, व्होल्टेज बसलं म्हणून मोटरी लवकर वेग घेत नाहीत, वेग घेत नाहीत म्हणून तो धक्का लांबतो, मग फ्यूज उडतो, कधी डीपीच जळतो आणि ऐन हरभऱ्याच्या पाण्यात सगळं गाव कोरडं. वीज कंपनी सांगते ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. लोक मान डोलावतात अन् काढत नाहीत.

यात एकाही डब्यात बिघाड नाही हे ध्यानात घ्या. दहाही डबे जे सांगितलं तेच करून राह्यले. एकटी वस्तू नीट चालते आणि तीच गावभर पसरली की भानगड होते, आणि हीच भानगड कॉलेजात कशी शिकवायची त्याबद्दल मला लिहायचंय. मी तालुक्याच्या ठिकाणी इंजिनिअरिंगच्या पोट्ट्यांना एक विषय शिकवतो ज्याचं सिलॅबसमधलं नाव इतकं लांब आहे की अर्धे जण नाव वाचूनच दुसरा इलेक्टिव्ह घेतात. साध्या शब्दांत सांगायचं तर कॉम्प्युटर आता टेबलावर राहिला नाही. तो वीज मीटरमध्ये आहे, गाईच्या गळ्यातल्या पट्ट्यात आहे, वजनकाट्यात आहे, मोटरीच्या पेटीत आहे, आणि तिथं त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, कधीकधी बटणसुद्धा नाही. अशी वस्तू सुचायची कशी, हातानं बनवायची कशी, आणि माणसांच्या मधोमध नेऊन ठेवल्यावर तिचं काय होतं ते बघायचं कसं, एवढाच तो विषय.

कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्नियात पालो आल्टोला झेरॉक्स कंपनीची पार्क नावाची प्रयोगशाळा होती, तिथं १९८८ च्या सुमारास मार्क वायझर नावाच्या संशोधकानं ही मांडणी सुरू केली, आणि सप्टेंबर १९९१ च्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्याचा लेख आला तेव्हा ती जगभर गेली. त्याचं म्हणणं साधारण असं की जे तंत्रज्ञान खरंच मुरतं ते दिसेनासं होतं. आपण दुकानाची पाटी वाचतो तेव्हा 'मी आता लिपी नावाचं तंत्रज्ञान वापरतोय' असं कुणाच्या डोक्यात येत नाही, तसं कॉम्प्युटरचं व्हावं. त्याच्या टीमनं तीन मापांची यंत्रं करून पाहिली, इंचाच्या मापाचं, फुटाच्या मापाचं आणि यार्डाच्या मापाचं. आज खिशातला फोन, हातातला टॅब आणि शाळेतला डिजिटल फळा बघितला की ती मापं कुठं पोचली ते कळतं. वायझर मात्र हे बघायला राहिला नाही, १९९९ ला गेला.

पार्कमधली माझी आवडती वस्तू वेगळीच आहे. नॅटली जेरेमायेंको नावाच्या कलाकार बाईनं तिथं छताला एक आठेक फुटांची प्लास्टिकची दोरी टांगली होती. वर एक छोटी मोटर आणि ती मोटर ऑफिसच्या नेटवर्क केबलला जोडलेली. केबलमधून माहितीचा एकेक तुकडा गेला की मोटरीला एकेक झटका. गर्दी असली की दोरी गरगर फिरायची, आवाज करायची, कामं थंड असली की मधूनच थरथरायची. नेटवर्क बिझी आहे का हे कुणी कॉम्प्युटर उघडून बघायचं नाही, येताजाता कळायचं. पहिल्या तासाला मी ही दोरी सांगतो कारण पोट्ट्यांच्या डोक्यात 'स्मार्ट' म्हणजे मोबाइल ॲप हे इतकं घट्ट बसलेलं असतं की ते आधी उपटावं लागतं. स्मार्ट कचरापेटी, ॲप. स्मार्ट गोठा, ॲप. एकानं स्मार्ट झाडू आणला होता, त्याचंही ॲप. अरे बाप्पा, झाडणाऱ्या बाईच्या हातात झाडू आहे, ती फोन धरणार कुठं?

आता यातला डिझाइनचा भाग वेगळा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा वेगळा अशी आपल्याकडं वाटणी झालेली आहे आणि अडचण तिथूनच सुरू होते. डिझाइन शिकवणाऱ्या संस्था देशात जुन्या आहेत, अहमदाबादची एनआयडी १९६१ ची, आयआयटी मुंबईतलं आयडीसी १९६९ चं. तिथं वस्तूचा आकार, पकड, रंग, वापरणारा माणूस यावर जीव ओततात. आमच्यासारख्या इंजिनिअरिंग कॉलेजात सर्किट शिकवतात, प्रोग्राम शिकवतात, पण ही वस्तू कोण धरणार, कुठं ठेवणार, बायको काय म्हणणार हे विचारायला कुणाच्या टाइमटेबलात तास नाही. मग शेवटच्या वर्षाला काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, शहरातल्या दुकानातून रेडीमेड प्रोजेक्ट, सोबत छापील रिपोर्ट, स्पायरल बाइंडिंगसकट. एक्स्टर्नल परीक्षक येतात, दिवा लागला का विचारतात, लागतो, झालं. त्या पोरांना मी फार दोष देत नाही, त्यांच्याकडून दिवा लागण्यापलीकडं काही मागितलंच नाही कुणी.

हे दोन कप्पे जोडले गेले ते एका स्वस्त बोर्डामुळं, म्हणजे प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या सर्किटमुळं. इटलीत इव्रिया नावाचं गाव आहे, तिथल्या इंटरॅक्शन डिझाइनच्या (माणूस वस्तू कशी वापरतो त्याच्या डिझाइनच्या) संस्थेत विद्यार्थी वस्तूंची मॉडेल्स बनवायचे पण त्यात जीव घालायचा म्हटलं की इलेक्ट्रॉनिक्स आडवं यायचं, बोर्ड महाग आणि इंजिनिअरांसाठी बनवलेले. हर्नांदो बारागान या तिथल्याच विद्यार्थ्यानं २००३ मध्ये आपल्या मास्टर्सच्या कामात वायरिंग नावाची सोपी पद्धत काढली, आणि त्यानंतर २००५ मध्ये मासिमो बान्झी आणि मंडळींनी त्याच धर्तीवर आर्डुइनो नावाचा बोर्ड आणला. नाव गावातल्या एका बारचं, आणि बारला नाव तिथल्या जुन्या राजाचं. म्हणजे आपण ज्याला इंजिनिअरिंगचं खेळणं समजतो ते मुळात डिझाइनच्या पोरांसाठी निघालेलं आहे, त्यांना सर्किटची थिअरी येत नसताना पण संध्याकाळपर्यंत काहीतरी हलतं-बोलतं करून बघता यावं म्हणून. पुढं २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची वायफायवाली चिप आली, ईएसपी८२६६, दोन वर्षांनी ईएसपी३२. आज चार-पाचशे रुपयांत वायफाय आणि ब्लूटूथ असलेला बोर्ड मिळतो. यवतमाळच्या पोराला तो कुरिअरनं घरपोच येतो. साधनांची अडचण बरीचशी संपली आणि शिकवायचं काय ही अडचण उघडी पडली.

मी काय करतो ते सांगतो, हे काही शास्त्र नाही, दुसरा कुणी वेगळं करेल.

सुरुवातीचे आठवडे बोर्ड कपाटात. विषय एकच देतो: नळाला पाणी आलं हे घरातल्या माणसाला कळलं पाहिजे. आमच्याकडं बऱ्याच गावांत नळ रोज येत नाही, चार दिवसाआड, आठ दिवसाआड, आणि यायची वेळ कुणाच्या बापाला माहीत नाही. घरात म्हातारी आहे, सून निंदायला गेली आहे, पोरं शाळेत. पाणी आलं हे कुणाला, कसं आणि किती जोरात कळायला पाहिजे? आता पहिलं उत्तर अर्थात मेसेज पाठवू. कुणाला? सुनेला. ती दुसऱ्याच्या वावरात मजुरीवर आहे, फोन नवऱ्याजवळ. मग भोंगा लावू. भोंगा लावला की अख्ख्या गल्लीला कळतं की यांचा नळ आला, आणि ज्यांच्याकडं टिल्लू पंप आहे ते पंप लावतात आणि म्हातारीच्या नळाची धार करंगळीएवढी. अशी चर्चा एकदा सुरू झाली की मला काही शिकवावं लागत नाही, पोट्टे आपसांतच भांडतात.

मग त्यांना गावात पाठवतो, पण प्रश्नावली घेऊन नाही. प्रश्नावली घेऊन गेलं की लोक तुम्हाला सर्व्हेवाले समजतात आणि योजना येणार असं समजून उत्तरं देतात. १९९९ च्या सुमारास लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टच्या मंडळींनी एक गमतीदार पद्धत वापरली होती, नॉर्वे, नेदरलँड्स आणि इटलीतल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांनी पाकिटं वाटली, त्यात पोस्टकार्ड, नकाशे, साधा कॅमेरा, असं काहीबाही, आणि म्हणाले वाटेल तसं भरून पाठवा. त्यातून माणसं कशी जगतात याचा अंदाज यायचा. आमच्याकडं पाकिटाचीही गरज पडत नाही कारण भिंतीवरचं कॅलेंडर आहेच. दुधाचा हिशोब, गॅस कधी लावला, गाय कधी भरवली, कुणाचे किती रोज झाले, सगळं तिथं. पोरांना सांगतो की कॅलेंडर बघू द्या म्हणा, आणि पुढचा महिना नळ आला त्या दिवशी त्याच चौकटीत एक टिकली लावायची विनंती करा. एका पोरीनं आणलेल्या कॅलेंडराच्या फोटोत टिकल्या दोन रंगांच्या होत्या, लाल म्हणजे नळ आला आणि पाणी भरलं, हिरवी म्हणजे नळ आला पण घरी कुणी नव्हतं. बाईनं हे स्वतःहून केलेलं. दोन बिटांची माहिती, टिकलीवर, आणि आम्ही कॉलेजात बायनरी शिकवायला दोन तास घेतो.

त्यानंतर वस्तू येते, पण खोटी. खोक्याचा पुठ्ठा, खिळे, जुनं घड्याळ, काय वाटेल ते. भिंतीवर एक लाकडी चिमणी, पाणी आलं की मान वळवते. मान कशानं वळते? बाहेर पोरगा दोरी धरून बसलाय, तो ओढतो. हे फसवणं नाही, ही जगभर वापरतात अशी पद्धत आहे, यंत्र बनवायच्या आधी यंत्राचं सोंग आणून माणसाची वागणूक बघायची. जेफ हॉकिन्स हा माणूस पामपायलट हा खिशातला कॉम्प्युटर बनवायच्या आधी त्याच मापाचा लाकडाचा ठोकळा खिशात घेऊन फिरायचा, मीटिंगमध्ये तो काढून त्यावर लिहिल्याचं नाटक करायचा, खिशाला माप बरोबर आहे का कळायला. ठोकळ्याला खर्च काय, शून्य. चिमणीच्या सोंगातून आम्हाला कळलं की म्हातारी चिमणीकडं बघतच नाही, ती चुलीपाशी बसते आणि चिमणी तिच्या पाठीमागं. सेन्सर कितीही महागाचा लावला असता तरी हे कळलं नसतं.

अजून एक नमुना मी हमखास दाखवतो. १९९२ मध्ये ड्यूरेल बिशप नावाच्या विद्यार्थ्यानं रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्येच फोनचं निरोप घेणारं मशीन मांडलं होतं. प्रत्येक निरोपाची एक गोटी बाहेर येते. किती निरोप आले? गोट्या मोजा. ऐकायचाय? गोटी खाचेत ठेवा. हा दादासाठीचा निरोप आहे? गोटी दादाच्या वाटीत ठेवा. बस. गोट्या खेळलेल्या कुठल्याही पोराला हे समजावून सांगावं लागत नाही, आणि नेमकं हेच समजतं की माहितीला अंग दिलं तर ती हातात धरता येते, उचलून दुसऱ्याला देता येते, हरवतासुद्धा येते.

मग बोर्ड कपाटातून निघतो आणि वस्तू वावरात जाते, आणि इथं विदर्भ स्वतः मास्तर होतो. थोडं सविस्तर सांगतो कारण यूट्यूबवरच्या व्हिडिओंत हे भेटत नाही.

जमिनीतली ओल मोजायचे सेन्सर दोन जातीचे. स्वस्तातला म्हणजे दोन दांड्या मातीत खुपसायच्या आणि त्यांच्यामधून करंट सोडायचा, ओल जास्त तर करंट जास्त. हा सतत चालू ठेवला तर दांडीचा धातू झिजून खाल्ला जातो, काही आठवड्यांत काळी पडलेली काडी उरते. दुसरा मातीला उघडा धातू लावत नाही, मातीची विद्युत साठवायची ताकद बघतो, पाण्यात ती ताकद हवेच्या सुमारे ८० पट आणि कोरड्या मातीत तीन ते पाच पट, त्यामुळं थोडी ओल वाढली तरी कळतं. दुसराच घ्यावा. पण आपली काळी माती भेगाळते. पाण्याचा ताण बसला की पंजा जाईल एवढी भेग पडते, आणि ती भेग सेन्सरच्या शेजारून गेली की सेन्सरला माती लागतच नाही, हवा लागते, आणि हवेचा आकडा एक. सेन्सर बोंब मारतो, वावर वाळलं! मोटर सुरू. पाणी भेगेतून सरळ खाली. हातभर अंतरावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, मुळाशी ओल आधीही होती. म्हणून पोरांनी सेन्सर पेरायच्या आधी त्याच वावरातली माती आणायची, ओली असताना वजन करायचं, १०५ अंशावर दिवसभर भट्टीत वाळवून परत वजन करायचं, मग फरकाशी सेन्सरचा आकडा जुळवायचा. कुंडीतल्या मातीवर जुळवलेला आकडा इथं चालत नाही.

उन्हाचं तर बोलूच नका. डीएचटी११ नावाचा निळा सेन्सर जो प्रत्येक किटमध्ये येतो तो शून्य ते ५० अंशापर्यंतचाच आहे. मे महिन्यात चंद्रपुरात, नागपुरात सावलीतला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पत्र्याच्या डब्यात उन्हात ठेवला की ५० कधीच पार, मग तो जे सांगतो त्याला अर्थ नसतो. लिथियमच्या बॅटरीची अडचण अजून मोठी, ती साधारणपणे ४५ अंशाच्या वर चार्ज करू नये असं बनवणारेच लिहितात, आणि सोलर पॅनेल नेमकं चार्ज कधी करणार तर भर दुपारी. यावर पोरांनी काढलेला तोडगा मला आवडला, डबा पॅनेलच्या सावलीत, खालून मोकळा, बाहेरून चुना, आणि चार्जिंग दुपारी बंद, सकाळी आणि चारनंतर चालू. चुन्याचा खर्च दहा रुपये.

वायफाय वावरात नसतंच. लांब पल्ल्याचा लोरा रेडिओ आहे, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडं लायसन्सशिवाय वापरता येतो, मोकळ्यावर काही किलोमीटर जातो, मधे संत्र्याची दाट बाग आली की अंतर घटतं. आणि रेडिओ बोलला की बॅटरी खाल्ली जाते, वायफायवर बोलताना ईएसपी३२ दोनशेच्या वर मिलिअँपिअर ओढतो आणि गाढ झोपेत चिप मिलिअँपिअरच्या शंभराव्या भागावर राहते. तर वस्तूनं दिवसातून किती वेळा तोंड उघडायचं? पोट्टे म्हणतात दर दहा सेकंदाला. तुरीच्या ओलीचा आकडा दहा सेकंदात काय बदलणार रे? दिवसातून चारदा बोलली तरी पुष्कळ. हा निर्णय कोडचा नाही, डिझाइनचा आहे, आणि मार्क मी त्यावर देतो.

आणि माकडं. यावर उपाय नाही, पुढं जाऊ.

सेमिस्टरच्या मध्यावर ऑटो स्विच येतो. खऱ्या ४४० व्होल्टला पोरांनी हात लावायचा नाही हा पहिला नियम, सगळं पाच व्होल्टवर, मोटरीऐवजी एलईडी. प्रत्येक गटाला एक आर्डुइनो उनो, दहा गट, एकच सप्लाय. काम काय तर लाईन आली की लगेच उठायचं नाही, शून्य ते दहा मिनिटांतला एखादा आकडा मनानं निवडायचा आणि तेवढं थांबून उठायचं. क्लासमध्ये दहा मिनिटांच्या जागी दहा सेकंद. एकमेकांशी बोलायचं नाही, नेटवर्क नाही, तरी धक्के पांगले पाहिजेत. ही युक्ती आमची नाही. त्याच झेरॉक्स पार्कमध्ये १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफनं इथरनेट मांडलं, एकाच तारेवर अनेक कॉम्प्युटर, दोघं एकदम बोलले की टक्कर, मग दोघांनी गप्प बसायचं आणि आपापल्या मनानं आकडा निवडून तेवढं थांबायचं. वर सांगितलेली दोरी नाचायची ती याच जातीच्या केबलवर. कॅलिफोर्नियातल्या तारेवरची गर्दी आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीच्या डीपीवरची गर्दी, गणित एकच.

पोरं कोड लिहितात, पण बोर्डात भरायला मी सगळ्यांना मुद्दाम एकच फाइल पेनड्राइव्हवर देतो. मेन स्विच पाडतो, परत लावतो. सात सेकंद काही नाही. मग दहाच्या दहा दिवे एकाच क्षणी.

"सर, काऊन सारे संगच लागले?"

कारण उनोला 'मनानं' आकडा निवडताच येत नाही. त्याच्या पोटात आकड्यांची एक ठरलेली रांग असते, दर वेळी जागा झाला की रांगेच्या सुरुवातीपासून वाचतो, दहाही बोर्डांत रांग तीच, म्हणून आकडा तोच. सुटका अशी की रांग कुठून वाचायला सुरुवात करायची ते प्रत्येकाला वेगळं सांगायचं, मोकळ्या सोडलेल्या पिनवरचा गोंगाट मोजून, किंवा सरळ ग्राहक क्रमांक वापरून. ग्राहक क्रमांक पोरांना जास्त पटतो, तो प्रत्येक मोटरीचा वेगळा असतोच. हे थिअरीत सांगितलं तर कुणी लिहूनही घेत नाही, पण दहा दिवे एकदम लागलेले बघितले की विसरत नाहीत, आणि मुख्य म्हणजे एक बोर्ड टेबलावर ठेवून कितीही टेस्ट केला असता तरी हा दोष सापडला नसता, तो दहा असल्याशिवाय जन्मालाच येत नाही.

पण इथं कोड संपतो, प्रॉडक्ट संपत नाही. सोंग म्हणून तयार केलेली पेटी एका काकांना दाखवली, लाईन आल्याचा दिवा लागतो, मोटर मात्र सहा मिनिटांनी. काकांनी दोन मिनिटं वाट पाह्यली असेल. "हा डबा मेला वाट्टे. लाईन आहे तरी मोटर उठून नाही राह्यली. मी त याले डायरेक्ट करून टाकीन." डायरेक्ट म्हणजे डबा वगळून सरळ जोडणं. खरंय त्यांचं. वस्तू शहाणपणानं थांबलेली आणि वस्तू बिघडलेली, बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. वायझर म्हणतो कॉम्प्युटर दिसेनासा व्हावा, बरोबर, पण तो थांबला असेल तेव्हा त्यानं दिसलं पाहिजे. मग पोरांनी पेटीवर दहा दिव्यांची पट्टी लावली, मिनिटागणिक एक विझतो, सगळे विझले की मोटर उठते. आकडे नाहीत, अक्षरं नाहीत, लांबून धुऱ्यावरून दिसतं. काका म्हणाले ठीक आहे, आणि लगेच दुसरा प्रश्न काढला की शेजाऱ्याच्या पेटीत आधी नंबर लागला आणि नाल्यातलं पाणी त्यानंच ओढलं तर? याला अजून चांगलं उत्तर कुण्या गटानं दिलेलं नाही. एकजण म्हणाला आज ज्याचा पहिला नंबर उद्या त्याचा शेवटचा, पण त्यासाठी पेट्यांना एकमेकींशी बोलावं लागतं, मग खर्च वाढतो, मग कोण घेईल.

पाळतीचा विषयही इथंच निघतो. वस्तू सगळीकडं गेली की ती सगळ्यांना बघते. २०२४ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांचा उत्तराखंडातल्या कॉर्बेटच्या जंगलाबद्दलचा अभ्यास आला, प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळं जंगलात लाकडं-चारा आणायला जाणाऱ्या बायकांचं वागणं बदललं, त्या गप्प झाल्या, गाणी म्हणेनाशा झाल्या, नेहमीच्या वाटा सोडल्या. आमची पोरं ताडोब्याच्या बाजूच्या गावांतली, वाघाचा अलार्म हा त्यांचा आवडता प्रोजेक्ट. कॅमेरा लावू म्हणतात. सकाळी पाचला त्या वाटेनं कोण जातं आणि कशाला जातं हे आधी आईला विचारून ये, एवढंच सांगतो. परत आल्यावर बहुतेक जण कॅमेरा सोडून हालचाल कळणारा साधा सेन्सर घेतात, त्याला कुणाचा चेहरा दिसत नाही.

मार्क कसे देता हे मला इतर कॉलेजवाले विचारतात. मी पोरांना वर्ध्याला मगन संग्रहालयात नेतो. १९३८ ला गांधीजींच्या हातून उघडलेलं, आत चरख्यांचे कितीतरी प्रकार. तिथं उभं करून त्यांना १९२९ ची जाहिरात सांगतो, अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी वाचा: वजनाला हलका, खेड्यातल्या घरात हातानं किंवा पायानं चालणारा, बाईला फार न थकता आठ तास चालवता आला पाहिजे, त्या आठ तासांत १६,००० फूट सूत निघालं पाहिजे, किंमत १५० रुपयांच्या आत, वीस वर्षं टिकला पाहिजे, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर नको. डिझाइनच्या कुठल्याही कोर्समधला ब्रीफ याहून नेमका मला दिसला नाही. कोण वापरणार, कुठं, किती वेळ, किती पैसे, बिघडला तर कितीत. आमच्या मार्कांच्या कागदावर शेवटची ओळ तशीच आहे, 'बिघडल्यावर गावात कोण दुरुस्त करेल, कितीत', आणि तिथं 'कंपनी सर्व्हिस सेंटर' लिहिलं तर शून्य.

यासाठी मोठी लॅब लागते का, तर नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत नील गर्शेनफेल्ड यांनी १९९८ मध्ये जवळजवळ काहीही बनवायला शिकवणारा कोर्स सुरू केला, त्यातून फॅब लॅब, म्हणजे लोकांनी येऊन वस्तू बनवायच्या छोट्या कार्यशाळा, निघाल्या, आणि एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबांपैकी एक २००२ मध्ये आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात सुरू झाली, जो डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये काढला होता. खेड्यात हे होत नाही असं कुणी म्हटलं की पाबळचं नाव घ्यावं. आमच्याकडं लेझर कटर नाही, गावातला सुतार आहे आणि एक वेल्डिंगवाला, तो पोरांच्या ड्रॉइंगवर जेवढा हसतो तेवढा कुठला प्रोफेसर हसला नसेल. त्याच्या हसण्याचे पाच मार्क ठेवावेत असं मी मीटिंगमध्ये सुचवलं होतं, मिनिट्समध्ये आलं नाही.

पालकांचा प्रश्न एकच, नोकरी लागते का. काही पोरं पुण्याला एम्बेडेडमध्ये, म्हणजे वस्तूंच्या पोटातल्या कॉम्प्युटरच्या कामात, गेली, एक-दोघं डिझाइनच्या प्रवेश परीक्षेला बसली, एक जण गावातच मोटरींचे स्टार्टर दुरुस्त करतो आणि माझ्यापेक्षा बरा कमावतो. या विषयामुळं लागली असं काही मी म्हणणार नाही, बाकीचे सात विषयही ती शिकलीच होती.

शेवटचे दहा मार्क सबमिशनच्या नंतरचे आहेत आणि त्याशिवाय मार्कशीटवर सही करत नाही. वावरात, गोठ्यात, म्हातारीच्या भिंतीवर जे जे लावलं ते काढून आणायचं, बॅटरीसकट, वायरीचे तुकडे वेचून, भोक बुजवून. घरच्यांना ठेवायचंच असेल तर ठेवू द्यायचं, पण मग झाकणाच्या आतून मराठीत मोठ्या अक्षरांत लिहायचं की आत काय आहे, बॅटरी कधी बदलायची आणि बंद पडलं तर डायरेक्ट कसं करायचं, आणि खाली बनवणाऱ्याचा फोन नंबर, स्वतःचा, कॉलेजचा नाही.